पश्चिमेचा खेळाडू

माझी ताई पहिलं पान टाकायला जितका वेळ घेते, तितक्या वेळात बाकीची माणसं अख्खा डाव हरून मोकळी होतात. हे कौतुकाने म्हणत नाहीये. समोर ताटकळत बसणाऱ्याला काय वाटतं ते मला विचारा. हातातली तेरा पानं ती मिटून टेबलावर पालथी ठेवते, डमीच्या पानांकडे बघते, मग खिडकीबाहेर बघते आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजत राहते. तुम्ही चहा पिऊन या, नाक शिंकरून या, ती तशीच बसलेली असते.

ब्रिज ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. टेबलाच्या चार बाजूंना चार दिशांची नावं. तेरापैकी किती हात करणार हे आधी बोलायचं आणि मग करून दाखवायचं. ज्याची बोली टिकते तो एकटा दोघांची पानं खेळतो. त्याचा भिडू आपली पानं उघडी मांडतो आणि हाताची घडी, तोंडावर बोट. त्याला डमी म्हणतात. बोलण्याची हौस असलेल्या माणसाला डमी होण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

ताई शर्टांच्या कारखान्यात कटिंगला होती. वडील गेले तेव्हा ती अठराची, मी नऊचा. आईने घर धरलं, ताईने कारखाना. तिचं टेबल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारावी एवढं लांब. त्यावर कापडाचे साठ थर, आणि सगळ्यांत वर पातळ कागद. बाही, कॉलर, पाठ, खिसा, सगळ्यांचे साचे त्या कागदावर असे मांडायचे की मध्ये चिंधीपुरतीसुद्धा जागा वाया जाऊ नये. ती अख्खी सकाळ साचे सरकवत बसायची. नवा सुपरवायझर आला की हमखास ओरडायचा, "बाई, मशीन कधी चालवणार?" ताई म्हणायची, "चालवायला दहा मिनिटं लागतात. रेघ चुकली तर साठ शर्ट चुकतात." मग उजव्या हातात कटिंगचं यंत्र, डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा, आणि दहा मिनिटांत खरंच सगळं कापून मोकळी.

ब्रिज तिला कारखान्यातल्या साचे काढणाऱ्या मास्तरांनी शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत. तिने मला शिकवलं, साच्यांच्या कागदाच्या उलट्या बाजूवर चौकोन आखून. मला ती बारक्या म्हणते. आता माझे केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, स्वतःचा छापखाना आहे, तरी बारक्याच.

तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, भूगोलाचे शिक्षक होते. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा ताठ बसायचा. निवृत्त झाले आणि त्या आवाजाला ऐकणारं कुणी उरलं नाही. बावीस वर्षं ते ताईचे भिडू. बोली छान लावायचे, पण डाव अंगावर आला की घाम फुटायचा. म्हणून दोघांचं न बोलता ठरलं होतं की शक्यतो डाव ताईने खेळायचा. भाऊजी पानं मांडायचे आणि खिडकीशी जाऊन रस्ता बघायचे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

भाऊजींच्या निवृत्तीला चार वर्षं झाली, त्या वर्षी ताईचं मनगट गेलं. एवढी वर्षं ते जड यंत्र ढकलल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, वर्षअखेरीला कारखाना सोडा. त्याच सुमारास सायकलच्या दुकानावरच्या आमच्या क्लबने ठरवलं की नवशिक्यांसाठी शनिवारी सकाळी वर्ग सुरू करायचा. शिकवणार कोण? तर वार्षिक अंकात छापलेल्या डावांतून बाहेरगावचे एक जुने खेळाडू सर्वोत्तम डाव निवडतील, त्याला चषक आणि त्यालाच वर्ग.

ताई घरी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला तो वर्ग हवाय."

भाऊजी तिथेच होते. मीही होतो. मला अमुक हवंय, असं म्हणताना मी तिला आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. ते दोघांनीही ऐकलं, एवढं लक्षात असू द्या.

आणि तसा डाव तिने खेळलाही. दुर्दैव माझं, की तो माझ्याविरुद्ध खेळला.

हुकूम इस्पिक, बोली बारा हातांची. ताई दक्षिणेला, भाऊजी तिच्यासमोर डमी, तिच्या डाव्या बाजूला पश्चिमेला मी. माझा भिडू त्या दिवसापुरता आलेला एक पाहुणा, औषधांचा फिरता विक्रेता. दुसऱ्या दिवशी तो आपल्या गावी गेला तो गेलाच. ताईला अकरा हात उघड दिसत होते. बाराव्याची पंचाईत होती. तिच्याकडे किलवरचा एक्का आणि राणी, राजा बाहेर. राजा पाहुण्याकडे असेल तर राणी तरेल, माझ्याकडे असेल तर मरेल. शंभरातले नव्वद जण राणी पुढे करतात आणि डोळे मिटतात. राजा माझ्याकडे होता. मी मनातल्या मनात मांडी ठोकून बसलो होतो.

ताईने पानं पालथी ठेवली. खिडकी झाली, पेरं मोजून झाली. मग तिने माझी बदामाची उतारी राजाने घेतली, दोन फेऱ्यांत बाहेरचे सगळे हुकूम काढून घेतले, आणि किरकोळ काम उरकावं तसे चौकटचा एक्का आणि चौकटचा राजा वाजवून टाकले. चौकटची राणी माझ्याकडे होती, दोन बारक्या पानांच्या सोबतीने. एक्क्यावर मी एक बारकं टाकलं, राजावर दुसरं. राणी जपली. मोठी दोन्ही गेली, आता पुढचा हात माझ्या राणीचाच, असा माझा हिशेब. मग ताईने डमीतून बदामाचा एक्का काढला. आता बदाम तिच्याकडेही संपले आणि डमीतही. आणि मग तिने शांतपणे तिसरी चौकट खेळली.

हात माझ्या राणीने केला. अगदी ऐटीत केला. आणि मग कळलं की जो हात करतो त्यालाच पुढचं पान काढावं लागतं. माझ्याकडे उरले होते फक्त बदाम आणि किलवर. किलवर खेळावं तर ते थेट तिच्या एक्का-राणीच्या तोंडात. बदाम खेळावं तर डमीतून हुकमाने मारून ती हातातली किलवरची राणी फेकून देणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी माझ्या पानांकडे बघत बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा ताईपेक्षा जास्त वेळ मी घेतला.

"टाक की बारक्या," ती म्हणाली. "कुठलंही टाक."

बदाम टाकला. बारा हात झाले.

ती चौकटची राणी मी एक्क्यावर किंवा राजावरच फेकली असती, तर तिसरा हात पाहुण्याच्या गुलामाने घेतला असता, त्याने किलवर खेळलं असतं आणि माझ्या राजाने ताईची राणी खाल्ली असती. पण ते सुचायला आधी वास यायला हवा. ताईने बदामाचा एक्का आधी काढला असता तर मला वास आला असता. तो तिने मुद्दाम मागे ठेवला. म्हणजे डाव पत्त्यांचा होता तेवढाच माझ्या स्वभावाचाही होता. हातात आलेलं मी सहसा सोडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार!

घरी तिने पंधरा दिवस मला छळलं. "राणीसाहेब बऱ्या आहेत ना? जपून ठेवल्यात ना?" आईच्या फोटोलासुद्धा सांगून झालं. बाहेर मात्र ती एक अक्षर बोलली नाही. स्वतःचा डंका पिटणं तिला जमत नाही, आणि अंकात येणारच होतं की.

आता क्लबचा रिवाज सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आमच्याकडे चांगल्या डावाची चिठ्ठी डमी लिहितो. त्याला दुसरं काम नसतं ना! चारही बाजूंची नावं, पानं, खेळाचा क्रम, आणि खाली डमीची सही. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त नव्या चिटणीसांना नव्हतं. त्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. सही ज्याची, काम त्याचं. शिवाय डाव खेळणारा छापताना नेहमी दक्षिणेला ठेवायचा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी मजकूर तयार करताना एकोणीसच्या एकोणीस डावांत सही करणाऱ्या डमीला उचलून दक्षिणेला बसवलं आणि खऱ्या खेळणाऱ्याला डमी केलं. अंक छापायला माझ्याकडे आला. सोबत मूळ चिठ्ठ्या होत्या. मी डोक्याला हात लावला आणि एकेक डाव सरळ करत गेलो.

अठरा सरळ केले. एकोणिसावा ताईचा. तो हातात असतानाच भाऊजी आले, रोजच्यासारखे, संध्याकाळच्या चहाला.

"भाऊजी, बघा चिटणीसांचा पराक्रम," मी म्हणालो. "तुम्हाला खेळाडू करून टाकलंय."

ते हसले. प्रूफ हातात घेतलं. चष्मा पुसला. बराच वेळ वाचत राहिले. डाव खेळणारे, आणि पुढे त्यांचं नाव. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली.

"छान दिसतंय रे," ते म्हणाले.

"चहा घ्या. हा एवढा बदलला की संपलं."

"बदलायलाच हवं का? चिटणीसांनी लिहिलंय. त्यांना वाईट वाटेल."

"अठरा बदलले की."

ते अगदी हळू आवाजात, वर्गात न वापरलेल्या आवाजात म्हणाले, "घरातच आहे ना रे शेवटी? तिचं काय नि माझं काय." आणि मी काही बोलायच्या आत प्रुफावर खाली बोट ठेवलं. "हे पश्चिमेला तुझं नाव. सगळा क्लब वाचणार. राणी दाबून बसला आणि अडकला. जन्मभर राणीवाला म्हणतील तुला. तेवढं काढता येईल की. नुसतं 'पश्चिमेचा खेळाडू' म्हण. कोण विचारतंय?"

मी काय करायला हवं होतं ते मला सांगू नका. मला माहीत आहे. भाजी निवडताना ती काय म्हणाली होती तेही माहीत होतं. पण मी क्लबात स्वतःला मोठा खेळाडू समजत होतो आणि चारचौघांत हसं होण्याची मला लहानपणापासून धास्ती. भाऊजींनी सांगितलं म्हणून, चिटणीसांनी लिहिलं म्हणून, घरातलंच आहे म्हणून, अशी स्वतःची समजूत घालत मी खिळे उचलायचा चिमटा हातात घेतला, माझ्या नावाच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलले आणि खणात टाकले. ताईचं नाव डमीच्या जागी तसंच राहिलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि त्यात आवाज होत नाही.

वार्षिक सभेला दारातच अंक वाटले. ताई पुढच्या रांगेत बसली होती, मनगटाला पट्टा, मांडीवर अंक न उघडता ठेवलेला. बाहेरगावचे परीक्षक उठले आणि म्हणाले की असा डाव त्यांनी बऱ्याच वर्षांत वाचला नाही. मग त्यांनी भाऊजींचं नाव घेतलं.

टाळ्या झाल्या. ताईनेही वाजवल्या. तिला आधी वाटलं असणार की नाव घेताना चुकले, भाऊजी उठतील आणि हसून दुरुस्त करतील. भाऊजी उठले. चषक घेतला. परीक्षकांनी विचारलं, "एक सांगा. बदामाचा एक्का मागे ठेवून चौकट आधी का काढलीत? खरी करामत तिथे आहे."

भाऊजींनी ताईकडे बघितलं. बावीस वर्षांची सवय. ताईने अंक उघडला होता आणि ती खाली बघत होती.

"हात तसा चालत गेला," भाऊजी म्हणाले. लोक कौतुकाने हसले. मग भरदार आवाजात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "आणि अशा भिडूशिवाय हे शक्यच नव्हतं!" पुन्हा टाळ्या. मी भिंतीला टेकून उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापखान्यात आली. मला वाटलं रडेल, नाहीतर भाऊजींच्या नावाने बोटं मोडेल, आणि मी तिची समजूत घालीन. तेवढी तयारी मी करून ठेवली होती. निर्लज्जपणाला मर्यादा नसते. तिने स्टूल ओढलं, अंक उघडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुझं नाव कुठंय?"

"काय?"

"अठरा डावांत चार-चार नावं आहेत. या एका डावात तीनच. तुझं नाव कुठंय, बारक्या?"

मी म्हणालो, चिटणीसांचा मजकूर. ती म्हणाली, "चिटणीसांनी माझं नाव हलवलं, हे मला कळतं. ते सगळ्यांचंच हलवत असणार, त्यांना रिवाज माहीत नाही. बाकीचे अठरा सरळ कुणी केले?"

तिने आदल्या दिवसापासून हेच मोजलं होतं. भाऊजींच्या नावापाशी ती थांबलीच नव्हती. मी काढलं म्हणावं, तर मी सगळं समजून केलं. भाऊजींनी काढायला लावलं म्हणावं, तर मी बघत बसलो. कुठलंही पान टाकलं तरी हात तिचाच. फरक इतकाच की या वेळी तिला तो हात नको होता. मी काहीतरी वेगळं बोलेन, म्हणून ती किती तरी वेळ थांबली. तिला थांबता येतं.



"त्यांचं मी समजू शकते," ती शेवटी म्हणाली. "टाळ्या ऐकून त्यांना चार वर्षं झाली होती. मला राग आलाय, खूप आलाय, पण कळतं. तुझी मला खात्री होती रे." तिने टेबलावरचा चिमटा उचलला, बघितला आणि जागेवर ठेवला. "याने काढलंस?"

"हो."

ती उठून गेली. अंक तिथेच राहिला.

त्याच दिवशी मी एकशे चाळीस चिठ्ठ्या छापल्या. चूकदुरुस्ती. एकोणिसाव्या डावात दक्षिणेला कोण, डमी कोण, आणि पश्चिमेला राणी जपून अडकलेला माणूस म्हणजे या अंकाचा मुद्रक, ज्याने ही चूक जाणूनबुजून राहू दिली. दोन दिवस दारोदार फिरून वाटल्या. चिटणीसांनी कानावर हात ठेवले. भाऊजी ताईला म्हणाले, "मी सांगणारच होतो." चषक परत गेला आणि पुन्हा आला, या वेळी तिच्या नावाने. वर्गही तिला मिळाला. क्लबात मला लोक राणीवाला म्हणू लागले. ज्या हशाला घाबरून मी हे सगळं केलं, तो मोजून दोन आठवडे टिकला. मग लोकांना दुसरं काहीतरी मिळालं.

भाऊजींशी ती बोलते. चहा, औषधं, विजेचं बिल, सगळं रीतसर चालू आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. पत्ते मात्र त्यांच्यासमोर बसून ती पुन्हा खेळली नाही. माझ्याशीही बोलते. घरी गेलो की बस म्हणते, जेवून जा म्हणते. राणीसाहेब बऱ्या आहेत का, असं आता विचारत नाही. विचारलं असतं तर मी त्या दिवशी पेढे वाटले असते.

वर्ग सुरू झाला त्या शनिवारी मी गेलो. न सांगता, मागच्या खुर्चीवर. चौदा जण होते. ताईने फळ्यावर कारखान्यातल्या चपट्या खडूने टेबल आखलं, चार दिशा लिहिल्या आणि तोच डाव मांडला. घाई नाही, आवाज चढवणं नाही. आधी मोजा, मग पान उचला. अकरा कुठे आहेत ते दाखवलं, बारावा कुठे लपलाय ते शोधायला लावलं. एकाला वाटलं राणी पुढे करावी. ती म्हणाली, करा, आणि फळ्यावर त्याची राणी मारून दाखवली. मग चौकट आधी का, बदामाचा एक्का मागे का, हे तिने समजावलं, आणि पश्चिमेच्या माणसाला राणी सोडवत नाही हे ओळखण्यावर कसं सगळं अवलंबून आहे, हेही समजावलं. मी ऐकत होतो. एवढा सुंदर डाव माझ्याविरुद्ध खेळला गेला, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटत होता.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "पण तो राणी सोडणार नाही, याची एवढी खात्री कशी होती तुम्हाला? ओळखीचा होता का? कोण होतं पश्चिमेला?"

मी खुर्चीत सरळ झालो. ताई माझ्याकडे बोट दाखवेल, बारक्या म्हणेल, सगळे वळून हसतील. हसू देत. मी चेहरासुद्धा तसा करून ठेवला.

तिने मला बघितलं. नजर माझ्यावर आली, थांबली आणि पुढे गेली.

"होता एक जण," ती म्हणाली, आणि फळा पुसायला वळली.